दोन्हीकडे आहे, काका

"तुम्ही काय करता?" असं कुणी विचारलं की "कॉम्प्युटरचं बघतो" एवढंच मी आजवर सांगत आलो. पंचवीस वर्षं बघितलं. आता बुधवार पेठेतलं दुकान बंद केलंय. संपादकांनी फोनवर सांगितलं, "धंद्यातल्या गमतीजमती लिहा, लोकांना आवडतात." गमती आहेत. पण लिहायला बसलो की प्रत्येक वेळी एकच घर आडवं येतं, आणि त्या घरात गंमत नाही. ते सांगून झाल्यावर बाकीचं सांगावंसं वाटणार नाही, म्हणून एखादी गंमत आधीच उरकून टाकतो.

सदाशिव पेठेत दोन सख्खे भाऊ होते. वाटण्या झालेल्या, मध्ये भिंत घातलेली, बोलणं बंद. दोघांच्या मुलांना मात्र मिळून गेम खेळायचा होता. धाकटे मला म्हणाले, "भोक पाडायचं तर त्यांच्या बाजूनं पाडा. भिंतीचा खर्च आम्ही केलाय." थोरले म्हणाले, "त्यांच्या भिंतीला आम्ही हात लावत नसतो." शेवटी मी गॅलरीतून वायर नेली. सगळं चालू झाल्यावर थोरल्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "या वायरीतून त्यांचा आवाज तर येणार नाही ना?"

तर अशी दोन कॉम्प्युटर जोडून देण्याची कामं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. ज्यांची मुलं सॉफ्टवेअर कंपन्यांत लागली त्यांच्या घरी दुसरा कॉम्प्युटर यायला लागला. जुना टाकवत नसे. मग "दोन्ही जोडून द्या" म्हणून फोन येई.

काम अवघड नव्हतं, पण साधी वायर लावून ते होत नसे. दोन कॉम्प्युटर थेट जोडायचे तर उलटी वायर लागते. आतल्या आठ तारांपैकी चारांच्या जागा एका टोकाला बदलायच्या, म्हणजे एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशी येतं. सरळ वायर लावली तर दोघंही बोलतात आणि ऐकत कुणीच नाही. (बायको म्हणायची, आपल्याकडे सरळ वायर आहे.) मग दोघांना पत्ते द्यायचे. पत्ता म्हणजे चार आकडे. एकाला एकशेब्याण्णव, एकशेअडुसष्ट, शून्य, एक. दुसऱ्याला तेच, फक्त शेवटी दोन. पहिले तीन सारखेच हवेत आणि शेवटचा वेगळाच हवा. त्याखाली आणखी एक आकड्यांची ओळ भरायची, पत्त्यातला कुठवरचा भाग सामाईक धरायचा ते सांगणारी. मग काळ्या पडद्यावर एकानं दुसऱ्याच्या पत्त्यावर हाक मारायची. चार हाका जातात, चार उत्तरं येतात. आली की वायरीला टोकं बसवायचा क्रिंपर पिशवीत टाकायचा आणि पुढच्या घरी.

वाघमारेकाकांकडे मी असाच गेलो. नाव बदललेलं नाही. का, ते पुढे येईलच.

स्वारगेटच्या पुढे सातारा रस्त्याला त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट. काका टपाल खात्यातून निवृत्त झालेले. हयात पत्रं वेगळी करण्यात गेली होती. काकू आधीच गेलेल्या. मुलगा मिलिंद कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत, आणि घरी सून सुजाता. बी. कॉम. झालेली, टायपिंगच्या परीक्षा दिलेली. जुना कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत होता. जायच्या आधी मिलिंदनं नवा घेऊन आतल्या खोलीत ठेवला होता.

काकांचं एक काम चाललेलं होतं. त्यांच्या समाजातली, छप्पन साली धम्म घेतलेली जी माणसं अजून हयात होती त्यांच्याकडे जाऊन ते त्यांच्या आठवणी टेपवर घेत. पुढाऱ्यांच्या नव्हे. "पुढाऱ्यांचं कुणी ना कुणी लिहिलेलं असतं," ते म्हणत. घरातले देव कुणी उचलले, कुठल्या पाण्यात सोडले, सोडताना कोण रडलं, गावकीची कामं बंद केली त्या दिवशी चुलीवर काय शिजलं, असलं ते विचारत. परत आले की कॅसेट सुजाताच्या हातात. ती हेडफोन कानाला लावून टाईप करायची. मग दोघं शेजारी बसत. ती वाचे, ते ऐकत. "आजी 'गेले' नाही म्हणाली, 'ग्येले' म्हणाली. तसंच ठेव, पोरी." असं एकेक. मी तिथं असताना हे चालू होतं, म्हणून ऐकलं. मिलिंदच्या फोनवर काका म्हणाले होते, "पुस्तक निघालं तर त्यावर दोन नावं येतील. माझं आणि सुजाताचं. तुझं नाही." ती आत हसली होती.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. टाईप होऊन, वाचून झालं की काका ती कॅसेट पुसून पुढच्या माणसाला वापरत. चिक्कूपणा नव्हता तो. "खण भरला की पत्रं पिशवीत, आणि खण रिकामा. खण तुंबवणारा माणूस टपालात टिकत नाही," असं त्यांचं. म्हणजे जे काही होतं ते फक्त जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात. आधी फ्लॉपीवर प्रती ठेवल्या होत्या. एका पावसाळ्यात फ्लॉप्यांना बुरशी आली, तेव्हापासून फ्लॉपीवरचा विश्वास उडाला. म्हणून तर मला बोलावलं होतं. एक कॉम्प्युटर बंद पडला तरी दुसऱ्यात राहावं, म्हणून.

मी वायर ओढली, पत्ते भरले. काका मागे उभे राहून बघत होते.

"इंजिनिअरसाहेब, हा शेवटचा आकडा म्हणजे घर नंबर?"

मी इंजिनिअर नव्हतो. डिप्लोमाही पुरा केला नव्हता. पण त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. म्हटलं, "हो. पेठ तीच, घर वेगळं."

"मग पिनकोड?"

"पहिले तीन धरा."

"वा. आमचं खातं चोरलंत की तुम्ही लोकांनी!" म्हणून ते मनापासून हसले. हाका मारून दाखवल्या, चार उत्तरं आली, तेव्हा तर त्यांनी आतून सुजाताला बोलावून पुन्हा मारायला लावल्या.

मग मी नेहमीचं केलं. वायरीतून फाईल खरंच जाते का हे बघायला एक फाईल जुन्यावरून नव्यावर घेतली. त्रेसष्ट फायलींतली सगळ्यात लहान निवडली आणि तिला नाव दिलं 'टेस्ट'. ती गेली. मग बाकीचा सगळा फोल्डर जुन्यावरच ठेवला आणि नव्याच्या पडद्यावर त्याचं एक चित्र टाकलं. चित्रावर दाबलं की वायरीतून तो जुन्यातला फोल्डर उघडे. आमच्या धंद्यात हे बरोबरच होतं. एका फायलीच्या दोन प्रती झाल्या की माणसं एकीत दुरुस्ती करतात, दुसरी उघडतात आणि आम्हाला फोन करतात. म्हणून माल एकाच ठिकाणी, आणि दारं दोन. पण मला कशासाठी बोलावलंय ते मी विचारलं नव्हतं. त्यांनी सांगितलं असेल तर ऐकलं नव्हतं.

काका नव्या कॉम्प्युटरसमोर बसले. फोल्डर उघडला. एक फाईल उघडून मोठ्यानं दोन ओळी वाचल्या. मग वळून म्हणाले, "एक विचारू? माल इथं आलाय, का तिथलाच इथून दिसतोय?"

आयुष्यभर पाकिटं हाताळलेल्या त्या माणसानं नेमका प्रश्न विचारला होता. इतका नेमका प्रश्न मला इंजिनिअरांनीही विचारला नव्हता. मला डेक्कनला एका ऑफिसात पोचायचं होतं. मी पिशवीची चेन लावत म्हटलं, "दोन्हीकडे आहे, काका."

"मग हरकत नाही," ते म्हणाले. "सुजाता, चहा टाक."

चहा मी घेतला नाही. घाई आहे म्हटलं. काकांच्या हयातीत त्या घरी मी पाच वेळा गेलो, मधे दोनदा किरकोळ दुरुस्तीला, आणि शेवटची वेळ सोडता दर वेळी मला घाई होती. आता लिहायलाच बसलोय तर हेही लिहितो. इतर घरी मला घाई असली तरी मी चहा घेत असे. मी ज्या आळीत, ज्या घरात वाढलो तिथून एक सवय माझ्याबरोबर आली होती. ती मी कधी तोंडानं बोललो नाही आणि कधी टाकलीही नाही. काकांच्या ते लक्षात आलं असणार. तिसऱ्या वेळी ते एवढंच म्हणाले, "घाई म्हणजे काय, असतेच."

सात-आठ महिन्यांनी सुजाताचा फोन आला. जुना कॉम्प्युटर जागा अडवतो, तो घ्या आणि त्या बदल्यात प्रिंटर द्या. पुस्तकाचा कच्चा खर्डा आता कागदावर काढायचा होता. मी प्रिंटर घेऊन गेलो. काका आठ दिवसांसाठी नगरकडच्या गावांत टेप घेऊन गेलेले.

माझ्या दुकानाचा एक नियम होता, आणि त्याचा मला अभिमान होता. गिऱ्हाईकाचा जुना कॉम्प्युटर दुकानात न्यायच्या आधी त्यातलं सगळं गिऱ्हाईकाच्या घरातच, त्याच्यासमोर पुसायचं. कुणाचं खासगी बाहेर जायला नको. बुधवारात असं करणारे आम्ही दोघं-तिघंच.

जुन्यासमोर बसून मी आत आवाज दिला, "मॅडम, तिकडे फायली सगळ्या दिसतायत ना?"

"थांबा हं. हो, दिसतायत. एकशे अकरा."

"एखादी उघडून बघा."

"उघडली. व्यवस्थित आहे."

"मग हे पुसतो."

"पुसा."

मी पुसलं. मग वायर काढली.

या क्रमाकडे मी नंतर पुष्कळ वर्षं बघत बसलोय. आधी वायर काढायची, मग विचारायचं. एवढंच. आमच्या धंद्यातलं पोरसुद्धा हे जाणतं. वायर जोडलेली असताना जे दिसतं ते कुठलं आहे, हे बघणाऱ्याला कळूच शकत नाही. आणि आत बसलेल्या बाईला तर मीच सांगून ठेवलं होतं, दोन्हीकडे आहे म्हणून. मी विसरलो होतो, मधे शेकडो घरं झाली होती, असं स्वतःला सांगत आलो. विसरलो होतो हे खरं आहे. पण विसरतो म्हणून तर तो क्रम ठरवलेला असतो.

चौथ्या दिवशी तिचा फोन. "अहो, फोल्डर उघडत नाहीये. काहीतरी सापडत नाही म्हणतंय."

तो कॉम्प्युटर मी नव्यानं भरून एका क्लासला विकलाही होता. त्यातली हार्ड डिस्क परत मागून आणली. होती नव्हती ती अवजारं चालवली. पाच दिवस दुसरं काम घेतलं नाही. निघाले ते तुकडे; आणि मराठी फाँटमधलं तुटकं लिखाण म्हणजे नुसते कंस, प्रश्नचिन्हं आणि टिंबं. त्यातून एक नावसुद्धा वाचता येईना.

मी गेलो तेव्हा काका परतले होते. बाहेरच्या खोलीत, पूर्वी जुना कॉम्प्युटर होता त्या मोकळ्या जागेजवळ खुर्ची टाकून बसलेले. सुजाता स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"काय झालं ते नीट सांगा," काका म्हणाले. "मला यातलं कळत नाही. पत्र गहाळ झालं तर कुठल्या टप्प्यावर झालं ते शोधायचं असतं."

तो टप्पा मला ठाऊक होता. मी म्हटलं, "पुसायच्या आधी मी मॅडमना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, सगळं दिसतंय. उघडूनही बघितलं म्हणाल्या."

यातला शब्द न् शब्द खरा होता.

काका सुजाताकडे वळले. ती म्हणाली, "हो बाबा. मी म्हणाले." मग हळूच, "दिसत होतं..." एवढंच. आता मी पुढचं वाक्य बोलायचं होतं. 'काका, चूक त्यांची नाही, तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं सांगितलं.' माझं दुकान नुकतं मार्गी लागलं होतं, अमेरिकेतला मिलिंद कंपन्यांतली कामं मिळवून देईन म्हणाला होता, हे सगळं त्या क्षणी डोक्यात होतं का? नसावं. त्या क्षणी फक्त एवढंच जाणवलं की त्यांची नजर माझ्यावरून उठलीय, आणि बरं वाटलं.

"बघतो काही वाचवता येतं का," म्हणून मी आत नव्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसलो. दुसऱ्याच एका कप्प्यात मला 'टेस्ट' दिसली. माझीच फाईल. ती तिथं होती याचा अर्थ सरळ होता. खरी प्रत म्हणजे काय आणि नुसतं दिसणं म्हणजे काय, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्याविरुद्धचा पुरावाच तो. मी अर्धा तास उगाच किल्ल्या बडवत बसलो. मग ती फाईल नव्या प्रिंटरवर छापली, बाहेर आलो आणि म्हणालो, "एक मिळाली, काका."

त्यांनी कागद दोन्ही हातांनी घेतले. अडीच पानं. बराच वेळ वाचत होते. मग उठून त्यांनी मला हात जोडले. "निदान एक तरी वाचवलीत, साहेब. फार उपकार झाले."

सुजातानं चहा आणला. त्या दिवशी मी तो घेतला.

पुढे त्या बाजूची कामं मी घेतली नाहीत. काका गेल्याचं वर्ष-दीड वर्षानं पेपरात छोट्या चौकटीत वाचलं. गेलो नाही. धंदा वाढला, मग मोबाईलच्या दुकानांनी तो खाल्ला, मुलगी लग्न होऊन गेली. मधल्या काळात वायरी गेल्या, पत्ते आपोआप मिळायला लागले, उलटी वायर म्हणजे काय ते आता कुणाला सांगावंही लागत नाही. यंदा दुकान आवरताना खणात एक निळी वायर निघाली. टोकाला माझ्याच अक्षरातली चिठ्ठी: 'उलटी – वाघमारे'. त्या दिवशी पुसून झाल्यावर काढून आणलेली. मी शटर ओढलं आणि स्वारगेटची बस पकडली.

दार तिनंच उघडलं. केस पिकले होते. थोडा वेळ बघून म्हणाली, "कॉम्प्युटरवाले ना तुम्ही?"

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. काकांनी काय विचारलं होतं, मी काय उत्तर दिलं, वायर कधी काढली. "तुमची काहीच चूक नव्हती, ताई. तुम्हाला जे दिसत होतं ते मीच दाखवलेलं होतं."

ती मग म्हणाली, "बाबांनी मला कधी बोल लावला नाही, बरं का. एका शब्दानं नाही. पुन्हा टेप घेऊन आले तेव्हा मी हात पुढे केला, तर म्हणाले, 'तुला घरातलं पुष्कळ असतं.' आणि पिशवी घेऊन चौकातल्या टायपिंगवाल्याकडे गेले. शेवटपर्यंत मला पोरीच म्हणायचे. पण कॅसेट काही परत हातात दिली नाही." पुढे म्हणाली, "फार झालंही नाही त्यांच्याच्यानं. ज्यांच्या टेपा गेल्या त्यांतली बरीच माणसं तोवर गेलेली. बाकीच्यांकडे कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणायचे."

"मिलिंदराव?"

"ते अजून चेष्टेत म्हणतात ना. हिला कॉम्प्युटरला हात लावू देऊ नका, एका 'हो'मध्ये पुस्तक उडवलं हिनं. पाहुण्यांसमोर म्हणतात. सगळे हसतात. मीही हसते."

मी म्हटलं, "ताई, माफ करा असं म्हणायलासुद्धा..."

"ते नकोच. तोंडी नको." तिनं मधेच तोडलं. "बाबांना सांगायचं होतं, ते राहिलं. आता लेखी द्या. ते म्हणायचे, तोंडी तक्रार ही तक्रारच नव्हे. नावानिशी लिहा, आमचं नाव बदलू नका. कुठंतरी छापून येऊ दे. दिवाळीला ह्यांच्या हातात ठेवता येईल असं."

ते हे.

मी निघालो तेव्हा तिनं थांबवलं. कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेले ते अडीच कागद काढले. शाई तांबूस झाली होती. "एक विचारायचं होतं. बाबाही विचारायचे. एकशे अकरांतली हीच कशी वाचवलीत?"

हे मी तिला सांगितलं नव्हतं. सगळं सांगायला म्हणून आलो होतो आणि नेमकं एवढंच गिळलं होतं.

"वाचवली नव्हती," मी म्हणालो. "पहिल्या दिवशी वायर चालते का ते बघायला घेतली होती. आधीपासून तिथंच होती."

"पण हीच का?"

"सगळ्यात लहान होती म्हणून. पटकन जाईल म्हणून."

तिनं कागद चाळले. मग म्हणाली, "लहान असणारच. या म्हातारीला बोलायचंच नव्हतं. बाबा तासभर बसले होते तिच्यापुढे." आणि शेवटचं पान वर घेऊन, पूर्वी काकांना वाचून दाखवायची तसं, सावकाश, म्हातारीचं बोलणं जसंच्या तसं ठेवून तिनं मला वाचून दाखवलं:

"म्या द्येव टोपल्यात भरले आन् नदीत सोडून आले, येवढंच मला ठावं. मला काय इचारता? बाकीचं ही समदी सांगत्याल. त्यान्ला इचारा."